आबांची दाढी

वस्तरा गळ्यापाशी आला आणि आबांनी सदूमामांचं मनगट धरलं. डाव्या हातानं. उजवा हात गादीवर नुसता पडून होता, पण डाव्यात अजून गुळाचा रवा, म्हणजे अख्खी ढेप, उचलायची ताकद होती. सदूमामांच्या तोंडचं पाणी पळालं.

"ऱ्हाऊ दे," आबा म्हणाले.

"आरं केरबा, फेस लावून झालाय. आता काय ऱ्हाऊ दे?"

"ऱ्हाऊ दे!"

सदूमामांनी वस्तरा मिटला. आईनं ओल्या फडक्यानं आबांच्या गालावरचा फेस पुसून काढला. फेसाखालून तीच वाढलेली, पांढरी, खुरटी दाढी वर आली आणि आबांनी भिंतीकडे तोंड फिरवलं.

अर्धांगाच्या झटक्यानं त्यांची उजवी बाजू नेली होती आणि जाता जाता सगळे शब्दही नेले होते. मागे राहिले होते ते एवढेच दोन. पाणी हवं असलं तरी 'ऱ्हाऊ दे', नको असलं तरी 'ऱ्हाऊ दे', उशी वर सरकवायची असली तरी तेच. त्यातला कुठला कशाचा, हे आईला सुरावरून कळायचं. मला कळायचं नाही. मी आपला पाणी मागितलं की त्यांच्या अंगावर चादर घालायचो.

हा माणूस गूळ बाजारात सौदा पुकारायचा, हे सांगितल्याशिवाय यातलं दुःख कळणार नाही. सकाळी बाजारात आबांचा आवाज लागला, की वेशीवरच्या गिरणीत ऐकू यायचा. अडते, व्यापारी, हमाल सगळे त्या आवाजावर हलायचे. आणि त्या आवाजाआधी रोज न चुकता दाढी. परसात दगडावर बसून, मांडीवर आरसा ठेवून, स्वतःच्या हातानं, शिंगाच्या मुठीच्या वस्तऱ्यानं. "पुकारणाऱ्याच्या गालावर खुंट दिसला, की गुळाचा भाव पडतो," असं ते म्हणायचे. पेठेतले न्हावी सदूमामा त्यांचे लहानपणापासूनचे मित्र, पण त्यांनाही आबांनी कधी वस्तरा लावू दिला नाही. "गळा आपला, हात आपला," हे त्यांचं ठरलेलं उत्तर.

आता हातच आपला राहिला नव्हता. दाढी वाढली तसे आबा कुणाला तोंड दाखवेनात. बाजारातून कोणी भेटायला आलं की आई दारातूनच सांगायची, "निजल्यात." डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं होतं, की हे उठून चार माणसांत बसले तर सुधारतील, असेच भिंतीकडे तोंड करून पडले, तर एकेक करत सगळंच थांबेल. खाणं तर अर्ध्यावर आलंच होतं.

त्या दिवशी सदूमामा धोकटी आवरायला लागले, तेव्हा आबा पुन्हा आमच्याकडे वळले. त्यांनी डाव्या हातानं फळीकडे बोट केलं. फळीवर त्यांचा दाढीचा पत्र्याचा डबा होता. मी तो काढून दिला. आबांनी तो क्षणभर पोटाशी धरला आणि मग ढकलत ढकलत माझ्या गुडघ्याला आणून लावला.

"ऱ्हाऊ दे," ते हळूच म्हणाले.

"तुला करायला सांगत्यात," आई म्हणाली.

"मला? मी बिलेटानं करणारा माणूस. वस्तरा धरायचा कसा ते ठावं न्हाई मला."

"मग शिक की," सदूमामा म्हणाले. "दुपारचं दुकानात गिऱ्हाईक नसतंय. ये."

माझं सायकलचं दुकान होतं. चेन, पाना, हातोडी यांत वाढलेला माझा हात. सदूमामांनी पहिल्या दिवशी माझ्या हातात वस्तरा दिला आणि कपाळाला हात लावला.

"आरं, पाना धरल्यागत काय धरतोस? नट पिळायचाय व्हय बापाचा? सैल सोड. आजून सैल. चिमणीचं पिल्लू हातात हाय असं समज."

पण आधी दाढी नव्हतीच. आधी धार. फळीवर पडून पडून आबांच्या वस्तऱ्याला बारीक गंज चढला होता. डब्यात निसणा होता, म्हणजे वस्तऱ्याला धार लावायचा काळसर, गुळगुळीत दगड. मधोमध वापरून वापरून किंचित खोलगट झालेला. सदूमामांनी त्यावर पाणी टाकलं.

"पातं दगडावर निजव. पाठ बी टेकली पायजे आन् धार बी. पाठ उचललीस की धार मेली. आता धार पुढं घालून ढकल. परतताना पाठीवर उलटव, धारंवर न्हाई. चामड्याच्या पट्ट्यावर घेशील तवा ह्याच्या उलटं, पाठ पुढं आन् धार मागनं. ध्यानात ठेव. दगडावर धार पुढं, चामड्यावर पाठ पुढं. चुकलास तर पट्टा तरी चिरशील न्हाई तर धार तरी घालवशील."

मी दोन्ही केलं. सदूमामांचा पट्टा चिरला आणि वस्तऱ्याची उरलीसुरली धारही घालवली. ते हसले नाहीत, रागावलेही नाहीत. पुन्हा पाणी टाकलं आणि म्हणाले, "हं."

दुपारमागून दुपार मी दगडावर पातं ढकलत होतो. हातातली घाई काही जाईना. सायकलच्या धंद्यात जोर लावला की काम होतं, इथं जोर लावला की काम बिघडतं. एका दुपारी मात्र आवाज बदलला. आधी दगडावर खरखर व्हायची, ती बारीक झाली, मग नुसती सळसळ उरली. सदूमामा वर्तमानपत्र वाचत होते. त्यांनी मान न उचलताच म्हटलं, "थांब. आता उजेडात जा आन् बघ धार कुठं हाय."

मी दारात उन्हात जाऊन वस्तरा डोळ्यांसमोर उभा धरला. पातं दिसत होतं. धार दिसेना.

"मामा, काय दिसंना."

"आदल्या दिवशी काय दिसत हुतं?"

"बारीक पांढरी रेघ हुती."

"ती रेघ म्हंजे बोथटपणा. उजेडाला बसाय तेवढी जागा हुती तिथं. आता उजेडाला बी जागा ऱ्हायली न्हाई. दिसत न्हाई, तीच धार."

मी मनगटावर पातं नुसतं टेकवून सरकवलं. केस गळून पडले आणि मला काही कळलंच नाही, ना ओढ, ना खरचट. माझ्या अंगावर काटा आला. आबा रोज सकाळी हे असलं काही गळ्यावर फिरवायचे, आणि वर माझ्याशी गप्पा मारायचे, आईला चहा ओरडून मागायचे. जन्मभर ज्या माणसाला मी पाहत आलो, त्याला मी पाहिलंच नव्हतं, असं मला त्या दारात उभ्या उभ्या वाटलं.

नंतर फुग्याला साबण फासून तो न फोडता खरवडायचा, हा एक प्रकार झाला. जत्रेतले फुगे संपवल्यावर सदूमामा म्हणाले, "आता सोताचं तोंड. सोताचं रगत बघिटल्याबिगर दुसऱ्याच्या गळ्याला हात लावायचा न्हाई."

रविवारी सकाळी मी परसात आबांच्या दगडावर बसलो. गाल झाले. हनुवटी झाली. गळाही झाला आणि रक्ताचा थेंब नाही. आणि मग मला यशाची मस्ती चढली. म्हटलं, मिशीच्या कडा जरा नीट कोराव्यात. डावी कोरली. ती जरा जास्त गेली, म्हणून उजवी तिच्याबरोबर आणली. उजवी जास्त गेली, म्हणून पुन्हा डावी. माकडानं दोन मांजरांचं लोणी वाटावं तशी ती वाटणी चालली, आणि शेवटी नाकाखाली एक सुरवंट तेवढा उरला. तो ठेवण्यात अर्थ नव्हता. मी तोही काढला.

आई पाणी घेऊन बाहेर आली आणि तिच्या हातातली कळशीच सुटली.

"आरं मुडद्या! बाप जिता हाय तुजा!"

आमच्याकडे बाप असेपर्यंत मिशीला हात लावत नाहीत. बाप गेला की मुलगा मिशी उतरवतो. कोऱ्या ओठाचा मुलगा म्हणजे बाप नसलेला मुलगा. हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण धारेच्या नादात मला त्याचा साफ विसर पडला होता. आई रडायचीच बाकी होती. तिनं दोरीवरचा पंचा ओढला, माझं डोकं आणि तोंड त्यात गुंडाळलं आणि म्हणाली, "आदुगर सदूमामाकडं जा. गावच्या नाटकाच्या मिशा असत्यात त्येच्याकडं. एक चिकटवून ये. ह्यांनी बघाय नगं तुला असं."

मी मागच्या दारानं निघालो. ओठावर तुरटी चोळली होती, ती डोळ्यांपर्यंत झोंबत होती. पेठेच्या तोंडाशी भैरू हमाल आडवा आला. आबा सौदा पुकारायचे तेव्हा गुळाचा रवा उचलून लोकांना दाखवायचं काम वर्षानुवर्षं याचं.

"आनंदा, केरबाण्णा कसं हाईत गा?"

बोलायला म्हणून मी तोंडावरचा पंचा खाली केला. भैरू माझ्या ओठाकडे बघत राहिला. डोकं पंच्यात गुंडाळलेलं, डोळे पाण्यानं भरलेले, ओठ कोरा. मला वाटलं, मिशी गेलेली बघून त्याला हसू आवरत नसेल. मी शरमून म्हणालो, "काय सांगू भैरूदा. झालं ते झालं. कुणाला बोलू नगासा."

भैरूनं डोक्यावरचं मुंडासं काढलं. माझ्या खांद्यावर हात ठेवला. मग तो बाजाराच्या दिशेनं जवळजवळ पळतच गेला. मला वाटलं, मिशीचं याला फारच लागलेलं दिसतंय.

आणखी कुणी बघू नये म्हणून मी मागच्या गल्ल्यांनी वळसा घालत गेलो, तोवर सदूमामांच्या दुकानाला फळ्या लागल्या होत्या. शेजारच्या चहावाल्याला विचारलं, "मामा कुठं गेलं?"

"तुमच्याकडंच गेल्यात की धोकटी घेऊन."

"आमच्याकडं? कशाला?"

त्यानं माझ्याकडे फार मायेनं पाहिलं आणि पाण्याचा पेला पुढे केला. "पी जरा. धीर धर."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. पेला तसाच ठेवून मी घराकडे धूम ठोकली.

आमच्या दारात बाजार लोटला होता. अंगावर गुळाची धूळ घेऊन हमाल तसेच आले होते. पांढऱ्या टोप्यांचे अडते, एरवी एकमेकांचं तोंड न बघणारे व्यापारी, गुऱ्हाळातली माणसं. सौदा मधेच थांबवून सगळे निघून आले होते. भैरूच्या खांद्यावर दोन हिरवे बांबू होते. मिशी आधी उतरते की मढं आधी उठतं, एवढा विचार करायला कुणाला सवड होती? आई उंबऱ्यात उभी राहून सांगून सांगून दमली होती.

"आवो, जिते हाईत! आत हाईत!"

"वयनीनं लई मनाला लावून घेतलंय," कोणीतरी हळहळलं.

मी गर्दीतून घुसलो. "आबा हाईत! खरंच हाईत!"

"हाईतच रं लेकरा," एका म्हाताऱ्या अडत्यानं मला छातीशी धरलं. "आपल्या मनात हाईत."

त्याच्या मिठीतून सुटून मी आत गेलो. माझ्यामागोमाग सदूमामा आले, त्यांचा चेहरा पांढराफटक पडलेला. आणि आम्ही दोघंही दारातच थांबलो.

आबा बसले होते. कुणी न बसवता, भिंतीला पाठ टेकून, दाराकडे तोंड करून. खिडकी उघडी होती आणि बाहेरचं सगळं आत येत होतं. भैरू रडत रडत कुणाला तरी सांगत होता, "त्येनं पुकारल्याबिगर मी एक रवा उचलला न्हाई. आता कुणाच्या आवाजावर उचलू?" कोणी म्हणत होतं, असा आवाज पेठेत पुन्हा होणार नाही. माणसाच्या माघारी त्याच्याबद्दल जे बोललं जातं, ते आबा जिवंतपणी ऐकत होते.

मग त्यांची नजर माझ्या ओठावर आली आणि तिथंच थांबली. त्यांचे खांदे हलायला लागले. मी घाबरून पायाशी बसलो. "आबा, चुकलो मी. कडा कोराय गेलो आन्…"

पण ते रडत नव्हते. तोंडाची डावी बाजू वर गेली होती. उजवी जागची हलत नव्हती, तरी आबा हसत होते, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. हसणं थांबल्यावर त्यांनी डाव्या हातानं स्वतःची दाढी चाचपली. खिडकीकडे पाहिलं. आणि डब्याकडे बोट केलं.

"ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. आणि हा एक मला आईनं न सांगता कळला.

आईनं पाणी तापवलं. मी पातं पट्ट्यावर घेतलं, पाठ पुढं, धार मागनं. मग सदूमामांकडे बघितलं. "मामा, तुमी करा. बाहीर एवढी माणसं…"

"मी न्हाई," ते म्हणाले. "मी निस्ता हुबा ऱ्हातो."

डावा गाल सोपा गेला. सवयीनं आबांनी तो आपणच फुगवला. उजवा मात्र सैल पडलेला, त्याला ताण देणारं आत कोणी नव्हतं. मी बोटांनी कातडी कानाकडे ओढून धरली आणि पातं नुसतं टेकवून सोडलं. खुंट निघाल्याचा बारीक आवाज खोलीभर ऐकू येत होता. बाहेर आईनं सगळ्यांना काय सांगितलं होतं कोण जाणे, दाराबाहेर चिटपाखरू नसल्यासारखी सामसूम होती.

मग गळा आला. कंठाशेजारची शीर उडत होती, सावकाश, ठळक. तिच्यावर पातं ठेवायचं होतं. जिथं उजेडाला बसायला जागा नाही, ते पातं. माझा हात हवेत थांबला. मला तो खाली आणवेना.

आबांनी डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं. त्यांचा डावा हात उठला. आता माझं मनगट धरतात, असं मला वाटलं. आईलाही वाटलं असावं, ती एक पाऊल पुढे आली. पण तो हात माझ्या मनगटाला लागलाच नाही. तो त्यांच्या स्वतःच्या हनुवटीखाली गेला, हनुवटी वर उचलली, मान मागे टेकवली आणि मांडीवर जाऊन पडला. आबांनी डोळे मिटले.

जन्मभर कुणाच्या हातात न दिलेला गळा त्यांनी माझ्यापुढे ठेवला होता. मी हात सैल सोडला. पातं खाली आलं, शिरेवरून गेलं, आणि शीर तशीच उडत राहिली. रक्ताचा टिपूस आला नाही. पुसून झाल्यावर मी बघतो तर सदूमामा भिंतीकडे तोंड करून टोपीनं डोळे टिपत होते.

एका बाजूनं मी आणि एका बाजूनं सदूमामा, असं धरून आम्ही आबांना ओसरीवर आणलं. उजवा पाय ओढत, पण आपल्या पायांनी ते आले. पांढरा सदरा, कोरा करकरीत चेहरा. दारातली सगळी माणसं उभी होती ती आणखी ताठ झाली. मागच्या रांगेतल्या एका हमालानं मात्र खालीच बसकण मारली आणि दोन्ही हात जोडले.

आबांनी सगळ्यांवरून नजर फिरवली, सौद्याला उभं राहिल्यावर फिरवायचे तशी, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. ती भैरूच्या खांद्यावर येऊन थांबली. भैरूला बांबूंचा विसरच पडला होता. आबांनी बांबूंकडे बोट केलं आणि छाती भरून, पेठेत पुकारावं तसं म्हणाले,

"ऱ्हाऊ दे!"

भैरूनं बांबू टाकले ते शेजाऱ्याच्या पायावर. मग जो हशा झाला, त्यात निम्मी माणसं रडत होती. भैरू तर दोन्ही करत होता. "ऱ्हाऊ दे म्हंत्यात," तो प्रत्येकाला धरून धरून सांगत होता, जसं काही इतरांना ऐकूच आलं नव्हतं. मला आत पळून जावंसं वाटत होतं आणि तिथून हलूही नये असं वाटत होतं. माझ्या कोऱ्या ओठाकडे बघून जो तो हसत होता, आणि मला त्याचं काही वाटत नव्हतं.

गोंधळ ओसरत होता तेव्हा आई पुढे आली. चारचौघांत नवऱ्याच्या शेजारी उभंही न राहणारी माझी आई. डोईवरचा पदर तिनं नीट केला, आणि सगळ्या बाजारासमोर आबांच्या उजव्या गालावर, ज्या गालाला काही कळत नव्हतं त्या गालावर, तळहात ठेवला. कानापासून हनुवटीपर्यंत सावकाश फिरवला. कुठं खुंट राहिलाय का ते बघत असावी, असं मला आधी वाटलं. पण हात हनुवटीपाशी आला तरी तिनं तो काढला नाही.

दारातली माणसं एकेक करून दुसरीकडे बघायला लागली. आबांनी मान फिरवली नाही. गालाचा सगळा भार तिच्या हातावर टाकून ते तसेच उभे राहिले.